आकारामनं कळवलेली जनावरं

राहीबाई कुंभारीण उभ्या जन्मात दोनदाच लांब गेली. एकदा लग्न होऊन या गावात आली तेव्हा, आणि एकदा म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला. बाकी तिचं सगळं जग म्हणजे रहिमतपूरपासून कोसभरावरचं हे गाव, ओढ्याकाठची मातीची खाण आणि दारापुढचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. पण जिराफाची पाठ मागं उतरती असते, हे त्या काळी साताऱ्याच्या भल्याभल्या वकिलांना विचारलं असतं तर ते डोकं खाजवत बसले असते. राहीबाई मात्र चूल थापता थापता सांगायची, आणि वर म्हणायची, "त्यात काय मोठं? पाठ सरळ किली तर मान म्होरं पडती."

हे शहाणपण तिला मुलाकडून आलं. आकाराम तिचा एकुलता एक. नवरा लवकर गेला, तेव्हापासून चाक दीर नाथाजी फिरवायचा. बाईमाणसानं चाकाला हात लावायचा नाही हा कुंभारांचा रिवाज, तेव्हा राहीबाईच्या वाट्याला सगळं हातकाम. चुली, शेगड्या, आणि आषाढ आला की बेंदराचे मातीचे बैल. बेंदराला घरोघरी बैलांची जोडी पुजायला लागते, आणि ती राहीबाईच्या हातचीच लागते, असा गावाचा हट्ट होता. आकाराम चार इयत्ता शिकला, पण त्याचा जीव मातीत. आईनं बैलाचं अंग करावं आणि त्यानं पाय लावावेत, अशी त्यांची वाटणी. त्याचा बैल कधी कलंडला नाही.

चाळीस साली लढाईची भरती आली. पाटलांची पोरं निघाली, तसा हाही निघाला. साहेबानं विचारलं, घरी काय करतोस? हा म्हणाला, गाढवं हाकतो. झालं, त्याला खेचरांच्या पलटणीत घातला. गाव हसलं. कुंभाराच्या गाढवाला बढती मिळाली म्हणाले. राहीबाई हसली नाही, रडलीही नाही. तिनं त्याला एवढंच सांगितलं, "जिथं जाशील तिथलं कायतरी कळव. नुसतं खुशाल हाय म्हून धाडू नगं. खुशाल तर मेलेलं माणूसबी लिवून ठिवतंय."

पहिलं पत्र एकेचाळीसच्या सुरुवातीला आलं. गावाला येणारा प्रत्येक कागद आधी शाळेत जायचा, आणि भाऊसो मास्तर तो ज्याच्या त्याच्या दारात जाऊन वाचून दाखवायचे. मास्तर भला माणूस. आवाज खणखणीत, मन लोण्याचं. पत्रात जागोजाग काळी शाई फासलेली होती, कारण मुलूख कुठला, गाव कुठलं, हे लष्कर कळू देत नव्हतं. पण जनावरांना त्या साहेबांनी सोडलं होतं. बिचाऱ्यांना काय ठाऊक, या माउलीला मुलखापेक्षा जनावरच जास्त कळणार आहे.

"आई," आकारामनं लिहिलं होतं, "इथं एक जनावर हाय. उंटावाणी चाल, पर मान शिंदीच्या झाडाएवढी. कातडं कसं, तर उन्हाळ्यात तळ्यातला चिखल वाळून भेगा पडत्यात तसं. तू करून बघ. पायात काडी घाल. मान शेवटी बसव, आणि सावलीत वाळव. अंग पोकळ ठेव, आणि भोक पोटाखाली ठेव."

आता हे भोकाचं सांगायला हवं. मातीचं जनावर भरीव केलं तर आव्यात तडकतं, म्हणून मोठं जनावर पोकळ करतात. पण पोकळ केलं की आत वाफ कोंडते. तिला बाहेर पडायला भोक ठेवलं नाही तर ते ठो करून फुटतं, आणि एकटं मरत नाही, शेजारची दहा मडकी घेऊन मरतं. बेंदराचे बैल लहान, भरीव आणि कच्चेच असतात. पूजा झाली की त्यांचं काम संपलं. पण आकारामची जनावरं तो परत येईपर्यंत टिकायला हवी होती. 'आल्यावर चुका काढीन,' असं त्यानं पत्राच्या शेवटी बजावलं होतं. म्हणून ती भाजायची, आणि म्हणून भोक हवं.

पुढं शहामृग आला. मास्तरांनी नाव सांगितलं, पण राहीबाई त्याला लांडा कोंबडा म्हणायची. दोन पायांवर एवढं धूड उभं राहणार नाही म्हणून आकारामनं त्याला गवताच्या ढिगात उभा करायला सांगितला होता, आणि भोक शेपटाखाली. ते वाचताना मास्तर लाजले आणि बाया पदराआड हसल्या. मग पाणघोडा आला. "रांजण आडवा कर, त्याला चार बुडकुल्यांचे पाय लाव, झाला पाणघोडा. भोक नाकात दोन. खऱ्यालाबी तिथंच हायत." गावकरी येऊन बघून जायचे आणि म्हणायचे, पोरगं थापा मारतंय. राहीबाई ऐकून घ्यायची. ज्याला जनावर उभं कसं राहतं हे माहीत आहे, तो थापा मारत नसतो, हे त्यांना कुठं समजावत बसायचं?

बेचाळीसच्या उन्हाळ्यात वाळवंटातल्या उंदराचं पत्र आलं. टोळासारखे मागचे पाय, उड्या मारत पळणारा. जनावर इवलंसं होतं, भरीव चालेल असं त्यानं आवर्जून लिहिलं होतं. तिनं उत्तर सांगितलं, मास्तरांनी लिहून घेतलं.

त्यानंतर बेंदूर झाला, श्रावण सरला, आणि दसऱ्याच्या सुमाराला मास्तर पुन्हा पत्र घेऊन आले. यात कांगारू होता. पोटाला पिशवी, पिशवीत पिल्लू, सशासारखे कान. राहीबाईला पिशवी फार आवडली. अंग पोकळ केलं, पिल्लाचं डोकं नखानं कोरलं, आणि मग थांबली. भोक कुठं? पत्रात नव्हतं. तिनं मास्तरांना परत वाचायला लावलं. नव्हतं. घाईत असंल पोरगं, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि उत्तरात सांगितलं, "लिवा. पिशवीचं जनावर झालंय. भोक पिशवीत ठिवू का शेपटात, ते कळव. तवर आव्यात घालत न्हाई."

तिच्या हाताला काय कळत नव्हतं होय? चाळीस वर्षं मातीत गेलेली बाई. आपल्या अकलेनं शंभर भोकं पाडली असती. पण हे जनावर दोघांचं होतं, आणि त्याचा वाटा त्यानं उचलायचा होता. कांगारू फळीवर वाळत राहिला.

संक्रांतीला पुढचं पत्र आलं. त्यात बदकाची चोच असलेलं, केसाळ, अंडी घालून पिल्लांना दूध पाजणारं जनावर. गावानं कपाळाला हात लावला. राहीबाईनं तेही केलं. कांगारूच्या भोकाचं उत्तर त्यात नव्हतं, आणि या नव्याच्या भोकाचंही नव्हतं. तिनं पुन्हा विचारायला सांगितलं. मास्तरांनी मान खाली घालून लिहून घेतलं. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. नाथाजीनं विचारलं तर म्हणाली, "दात दुकतोय."

चैत्रात मास्तर आणखी एक पत्र घेऊन आले. अंगणात ऊन होतं, राहीबाई माती तुडवत होती. मास्तर ओट्यावर बसून वाचू लागले. हे जनावर जन्मभर झाडाला उलटं टांगून घेतं, चालत नाही, दिवसात चार हातसुद्धा सरकत नाही, अंगावर शेवाळ उगवतं...

"मास्तर, थांबा," राहीबाई म्हणाली.

मास्तर थांबले.

"ह्ये मातीत कसं करायचं?"

"म्हणजे?"

"टांगलेलं जनावर मातीत कसं करायचं? माज्या पोराला ठावं हाय ह्ये हुनार न्हाई. त्यो मला न हुनारं जनावर धाडील व्हय?"

मास्तरांनी कागद खाली केला.

"दोन येळा इचारलं, भोक कुटं ठिवू. तुमीच लिवून घेतलंत. दोन्ही येळा जबाब न्हाई. माजं पोरगं सगळं इसरंल, मास्तर, त्ये इसरायचं न्हाई. ह्यी कागदं कुनी लिवली?"

भाऊसो मास्तरांचा चेहरा पडला. भला माणूस खोटं बोलू लागला की सावकाराहून जास्त खोलात जातो, कारण त्याला परतीची वाट ठेवायची अक्कल नसते. शाळेच्या कपाटातल्या सचित्र पुस्तकातून त्यांनी ती जनावरं उचलली होती, अक्षर बदललं होतं, लष्करासारखी काळी शाईही फासली होती. ते एवढंच म्हणाले, "गेल्या बेंदराच्या आदल्या दिवशी तार आली, राहीबाई. तुमच्याकडं आलो तर तुम्ही गावाचे बैल करत होता. हात कोपरापर्यंत मातीत. बेंदूर होऊ दे म्हटलं. मग श्रावण होऊ दे म्हटलं. मग..."

"काय हाय तारंत?"

"लढाईत बेपत्ता. सापडत नाही, एवढंच."

राहीबाई मातीतून बाहेर आली आणि ओट्याच्या कडेला बसली. रडायचं की भांडायचं हेच तिला उमगेना, आणि मास्तरांना तर नजर कुठं ठेवावी ते कळेना. शेवटी तिनं विचारलं, "माजे कागद? म्या सांगिटलेले?"

"माझ्याकडंच आहेत. कुठं पाठवणार होतो?"

तेव्हा मात्र ती भडकली. "तुमी खोटं वाचलंत, त्ये मी गिळलं असतं. माया आली तुमाला, म्हून किलंत. पर माजं खरं बोलणं दडवून ठिवायचा काय हक्क व्हता तुमाला? पोरगं कुटं खड्ड्यात पडलं आसंल, तर आयचं येक अक्षर त्येला मिळालं असतं का न्हाई?"

मास्तर रडले. पन्नाशीचा माणूस, ओट्यावर बसून, टोपी हातात घेऊन. राहीबाईनं त्यांना पाणी आणून दिलं. मग तिनं त्यांना कागद-टाक घ्यायला लावला आणि जुन्याच पलटणीच्या नावानं पत्र सांगितलं. 'आकाराम, तुजं उंदराचं कागुद शेवटचं. त्याफुडली जनावरं तुजी न्हाईत. तू कुटं हायस ते कळव.' जुने दोन कागदही त्यातच घालायला लावले. आणि मास्तर उठले तेव्हा म्हणाली, "यापुढं जे यील ते जसंच्या तसं वाचायचं. माज्या तोंडाकडं बगून येक अक्षर गाळलंत, तर या दारात पाय ठिवायचा न्हाई."

मास्तरांच्या त्या दोन जनावरांचं तिनं काय केलं? दुसऱ्या दिवशी पाण्यात घालून विरघळवली, आणि त्या मातीच्या चुली केल्या. चांगली माती वाया कशाला घालवायची!

पुढं तीन वर्षं राहीबाई वाट बघत राहिली. पत्र गेलं होतं, त्याला उत्तर आलं नाही. लढाई संपली. पाटलांची पोरं मिशा वाढवून परत आली. कुणी म्हणालं, इटलीत कैदी होता. कुणी म्हणालं, नव्हता. ती प्रत्येकाकडं जाऊन ऐकायची आणि घरी येऊन चूल थापायला बसायची.

सेहेचाळीसच्या पौषात सरकारी लखोटा आला. मास्तर तो न फोडताच घेऊन आले. शाळा तशीच सोडून आले होते. नाथाजी चाकावरून उठला, शेजारपाजारच्या बाया जमल्या. मास्तरांनी उभ्यानंच लखोटा फोडला. इंग्रजी कागद होता. ते एकेक वाक्य आधी मनात वाचत, मग मराठीत सांगत. नाव, नंबर, पलटण. इतक्या काळात पत्ता लागलेला नाही. त्याअर्थी तो लढाईत मरण पावला असं सरकार धरून चालतं. खाली सही, तारीख, शिक्का. त्यांनी शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा वाचली. त्यांनी एकही शब्द गाळला नाही आणि पदरचा एकही घातला नाही.

बायांनी रडायला सुरुवात केली. राहीबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं. ती मास्तरांकडं बघत होती.

"येवडंच?"

"एवढंच, राहीबाई."

"खरं वाचलंत," ती म्हणाली, "लय उपकार झालं."

मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती खाली बसली.