अण्णा बसला की लागणारा दिवा

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचं काढलं, तर त्यालाच उभं करून चार उलटे प्रश्न विचारणारी बाई मी... त्यामुळे हे इथं लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. घरातसुद्धा मी सगळं सांगितलेलं नाही.

माझा डावा पाय लहानपणच्या पोलिओने अधू आहे. क्लच दाबणं शक्यच नाही, म्हणून गाडी चालवायचा विचार मी कधी केला नव्हता. ऑटोमॅटिक गाड्या सगळीकडे दिसायला लागल्या, तेव्हा हिंमत करून एक घेतली. अगदी नवी, शोरूममधून. (हे मुद्दाम सांगते. ऐकणारा पहिलं हेच विचारतो, की आधीचा मालक कोण होता? कुणी नव्हता.)

मी राहते सोलापुरात, आणि माझा मोठा भाऊ अण्णा होटगीला. रेल्वेतून रिटायर झालेला, उंच, आडव्या अंगाचा माणूस. लहानपणी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेणारा-आणणारा तोच. पावसाळ्यात चिखल झाला की सायकल भिंतीला टेकवून मला पाठीवर घ्यायचा. गाडी आली तेव्हा एकच मनात होतं — आता अण्णाला आपण न्यायचं.

तो पहिल्यांदा शेजारी बसला, मी गिअर डीमध्ये टाकला आणि समोर पिवळा दिवा लागला. दातेरी चाकाचं चित्र, आत उद्गारचिन्ह. म्हणजे गिअरबॉक्समध्ये बिघाड. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, बैलगाडीची चाल सोडेना.

अण्णा हसायला लागला. "माझंच वजन लई हाय, तंगेव्वा." आमच्या घरात कन्नड-मराठी मिसळूनच चालतं, तंगेव्वा म्हणजे धाकटी बहीण.

त्याला नवी पेठेत उतरवलं, गाडी बंद करून परत चालू केली. दिवा गायब! घरापर्यंत कशी झक्क आली.

पुढच्या वेळी तो बसला, तेव्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. "मॅडम, फॉल्ट येऊन गेल्याची नोंद दिसते, पण कशामुळे आला ते सापडत नाही. ऑइल ओके, वायरिंग ओके," असं सांगून त्यांनी एक सेन्सर बदलून दिला. फरक शून्य.

मग मी माझ्या पद्धतीने लागले. आमचे मिस्टर अण्णापेक्षा वजनदार, त्यांना बसवलं. दिवा नाही. सीटवर तांदळाची पोती ठेवली. नाही. अण्णाला मोबाईल, घड्याळ, हातातलं कडं सगळं घरी ठेवायला लावलं. गळ्यातलं इष्टलिंग तेवढं काढ म्हणायला जीभ रेटली नाही. मागच्या सीटवर बसवून पाहिलं. दिवा!

शेवटी तोच म्हणाला, "तुज्या गाडीला मी नको हाय की गं. ऱ्हाऊ दे. मी आपला एसटीनं येत जाईन." हसतच म्हणाला. पण नंतर वैनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्येंच्या मनाला लई लागलंय बघा. गाडीत बसायचं म्हणून नवा सदरा घालून बसत व्हते."

यानंतर तो माझ्या गाडीत बसला नाही. मीही आग्रह केला नाही.

मग ती मे महिन्यातली दुपार. मी होटगीला जेवायला गेले होते. जेवण झालं, अण्णा आतल्या खोलीत आडवा झाला. मी आणि वैनी बाहेर शेंगा फोडत गप्पा मारत बसलो. ऊन कलल्यावर वैनी त्याला चहाला उठवायला गेली आणि तिची किंकाळीच ऐकू आली.

शेजारचे दोघं धावत आले. एकानं नाकापुढं हात धरला. "श्वास हाय... हाय वाटतंय. चला, चला!" अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, तर वेळ लागेल म्हणाले. दारात गाडी फक्त माझी होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला अण्णाआधी तो दिवा आठवला. बैलगाडीच्या चालीनं होटगीहून सोलापूर... कसा पोचायचा माणूस?

पुढची सीट मागे झुकवून त्याला ठेवला. वैनी मागे बसून त्याचे खांदे धरून होती. मी डोळे मिटूनच गिअर टाकला. उघडले — दिवा नव्हता. गाडी सुसाट निघाली.

मला इतका आनंद झाला! आता लाज वाटते, पण झाला. मी रस्ताभर त्याच्याशी बोलत होते. "अण्णा, बघ की, आज घेतलं बघ तुला गाडीनं. थोडा दम धर. आलंच आता." वैनी मागून "व्हय, व्हय, आलंच" म्हणत होती.

सोलापूरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. "झोपेतच गेलेत हे. बराच वेळ झालाय... तुम्ही घरातून निघायच्या आधीच."

संध्याकाळी होटगीला परत न्यायला शववाहिका आली, तीत वैनी आणि निरोप मिळून आलेला तिचा मुलगा बसले. मिस्टर तयारीसाठी आधीच होटगीला गेले होते. मी म्हटलं, मी मागून येते. गाडीत एकटी बसले, गिअर टाकला.

दिवा लागला.

गाडी परत एकाच गिअरमध्ये अडकली. मी डावीकडे पाहिलं. सीट दुपारसारखीच मागे झुकलेली होती. रिकामी. बंद करून परत चालू करावी असं मनात आलं, पण हात पुढे झाला नाही. शववाहिका दिसेनाशी झाली. मागचे ट्रक हॉर्न देत बाजूने जात होते, आणि मी होटगीच्या रस्त्याने रखडत चालले होते. परत त्या बाजूला मान वळवली नाही. भीती वाटत होती — माझ्या सख्ख्या भावाची.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. दिवा पुन्हा कधी लागला नाही. मे महिन्याच्या उन्हानं एखादा कनेक्टर सैल झाला असेल, बाकीचा योगायोग... एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण तो योगायोग इतक्या वेळा, आणि फक्त त्याच्याच बाबतीत का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आणि एक विचार मात्र जात नाही. जाताना मी अण्णाशी अखंड बोलत होते, तेव्हा तो तिथं नव्हता. येताना तो होता... असलाच तर... आणि मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही.