दोन वायरी, एकच फटका

योगिनी माझ्या लाईनवरची. चाकणच्या कंपनीत आम्ही हार्नेस बांधतो, म्हणजे गाडीच्या आतल्या वायरींची जुडगी. बारा वर्षं शेजारी शेजारी उभ्या आहोत, दिघीला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, तेव्हा तिची गोष्ट मी सांगितली तर चालेल. कुणाला नाही चालली तर नाही चालली.

हात बघावा तर तिचा! वायरी जुळवून धरायच्या, टोकं सारखी आली की एकाच फटक्यात कट. एकेक कापत बसलं की लांबी कमीजास्त होते आणि सुपरवायझर डोकं खातो. नव्या पोरींना ती हेच शिकवायची, "एकत्र धर, एकदाच काप."

तिचा नवरा रणजीत. काय हसरा माणूस होता हो! रिमोटवर पळणारी गाडी होती त्याची. पोराटोरांची नव्हे, चांगली हातभर लांब, खरं इंजिन, खरं इंधन, मागून भसाभसा धूर. रविवारी ती घेऊन मैदानात गेला की जेवायला बोलवायला माणूस पाठवावं लागे. मागच्या वर्षी त्याला न्यूमोनिया झाला आणि महिन्याने घरी आला तो फुप्फुसांची वाट लावूनच. धूर नको, धूळ नको, जिना नको. नोकरी सुटली, मग बोलणंही सुटलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा म्हणाला, "मला जगायचा कंटाळा आलाय."

त्या दिवसापासून ही बाई घरातल्या सगळ्या गोळ्या पर्समध्ये घालून शिफ्टला यायची. डबा खाताना मधेच फोन लावायची आणि त्याने उचलला की न बोलता ठेवून द्यायची. भीतीने अर्धी झाली होती.

एक दिवस म्हणाली, "ताई, ती गाडी मी बॅटरीवर करते. धूरच नाही म्हटल्यावर त्यांना चालवता येईल ना?"

"डोकं फिरलंय का तुझं? नवऱ्याची दशा काय, तू करतेस काय!"

"दुसरं काही सुचतच नाही हो. काहीच सुचत नाही."



मोबाईलवर बघून बघून तिने इंजिन काढलं, मोटर बसवली. राहिला कनेक्टर. बॅटरीला होता लाल चपटा प्लग आणि मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरला पिवळा. एकात एक जाईनात. दुकानदार म्हणाला, दोन्हीतला कुठलाही बदला. तिने दोन्ही जोड्या दहादा लावून, ओढून पाहिल्या. लाल प्लगला धरायला जागाच नव्हती, बोटं घसरायची. पिवळा जाडजूड.

"दम नसलेल्या माणसाने जोडायचंय ताई. पिवळाच बरा."

इथेच घात झाला. लाल ठेवला असता तर कंट्रोलरची वायर कापली असती, काही बिघडलं नसतं. पिवळा ठेवायचा म्हणजे कापायची बॅटरीची.

रविवारी दुपारी तिने मुद्दाम त्याच्या खाटेजवळच स्टूल मांडलं. मी तिथेच मटार सोलत बसले होते. "अहो, बघा ना, पिवळा घेतलाय. बरोबर आहे का?" रणजीत वळला. खरंच वळला! कितीतरी दिवसांनी भिंत सोडून तो तिच्या हातांकडे बघत होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तिने बॅटरीची लाल आणि काळी वायर जुळवली, टोकं सारखी केली, कटर लावला.

बारा वर्षं आम्ही मेलेल्या वायरी कापल्या. कंपनीत आमच्या हातात येते त्या वायरीत वीज नसतेच. भरल्या बॅटरीच्या दोन्ही वायरी एका पात्यात धरायच्या नसतात, पात्यातूनच शॉर्ट होतो, हे या हातांना कुणी शिकवलंच नाही. फाट्कन आवाज झाला, कटरचं पातं वायरींना चिकटलं, बॅटरी फुगली आणि पांढरा धूर सुटला. योगिनीने ती नुसत्या हाताने उचलून गॅलरीत भिरकावली. पण एकच तर खोली. खोकून खोकून रणजीतचे ओठ निळे पडले. त्याला रिक्षात कसं घातलं ते माझं मला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्याचा ऑक्सिजन काढला. मी चहा घेऊन गेले तर योगिनीचं एकच चाललेलं, "माझं चुकलं हो. मीच तुम्हाला मारायला निघाले होते." उजवा हात मनगटापर्यंत बँडेजात.

रणजीत म्हणाला, "मला दिसलं होतं."

"काय?"

"दोन्ही वायरी एकदम घेतल्यास ते. काय होणार, ठाऊक होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने तोंड फिरवलं. मला कळायचं ते कळलं, त्याला सुटायचं होतं. असा राग आला, वाटलं गरम चहा ओतावा मेल्याच्या अंगावर! आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

योगिनी रडली नाही. उठून पलीकडच्या बाजूला गेली आणि बँडेजचा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"दुसरी बॅटरी मी आणणार. या डाव्या हाताने कापणार. तुम्ही असेच शेजारी पडून बघा. गप्प बसायचं असेल तर खुशाल बसा. पण जळेल तो माझा हात जळेल."

तो त्या हाताकडे बघत राहिला. मग धाप लागत लागत म्हणाला, "आधी लाल... एकटीच कापायची. तिला टेप लावायची. मग काळी."

"मोठ्याने सांगा," योगिनी म्हणाली. "मला ऐकू आलं नाही."