इन्स्पेक्टर आणि बरं करण्याचा शब्द

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, घरात सगळे ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती आहे? औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि संशयाची सवय बहुधा तिथंच जडली. दुधात पाणी असणारच, वजनात काटा मारलेला असणारच, कोणी गोड बोललं की त्याचं काहीतरी काम असणारच. देव जरी दारात आला तरी हे आधी त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे ते वाकून बघतील.

ताईला कंपवात झाला, तशी मी अधूनमधून तिच्या घरी मदतीला जायला लागले. गोळ्या सुरू केल्यावर सुरुवातीला चांगला उतार पडला. मग हात पुन्हा थरथरायला लागले, चालताना पाय मधेच अडायला लागले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नीट चालू असतील तर इतक्या लवकर बिघडायला नको, असंच राहिलं तर त्या अंथरूण धरतील. झालं! इन्स्पेक्टर कामाला लागले.

पहिला संशय कंपनीवर. गोळी मोडून पाहिली, हुंगली, जिभेला लावली. माल अस्सल निघाला. मग संशय दुकानावर, तेही स्वतःच्या जुन्या दुकानावर. तिथं जाऊन जुन्या मालकाशी असे भांडले की गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली. मग डॉक्टरवर. मी म्हटलं, “भाऊजी, आता मीच उरले.” त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्यानं भांडी घासायला उठले.

शेवटी गाडी नव्या पाळकांवर आली. आमच्या चर्चमध्ये नुकतेच आलेले हे गृहस्थ स्वतःच्या घरी दर बुधवारी दुपारी बायबलचा वर्ग घ्यायचे आणि शेजारची शिवणकाम करणारी बाई ताईला तिकडे घेऊन जायची. येशूनं आजाऱ्यांना बरं केलं तो भाग सध्या चालू आहे, असं ताई सांगायची. खरं सांगते, या वेळी माझ्याही मनात पाल चुकचुकली. त्याच आठवड्यात ताईचे कपडे भिजवताना तिच्या रुमालात एक अर्धवट विरघळलेली गोळी सापडली. मी ती तशीच भाऊजींपुढे ठेवली.

“मी म्हणत नव्हतो?” ते उसळले. “त्यानंच सोडायला लावल्यात. प्रार्थनेनं बरी होशील म्हणाला असणार!”

“ताईला विचारू या का?”

“चोराला विचारून चोरी सापडते होय?”

मला ते पटलं. आम्हा दोघांची अक्कल तेव्हा गहाणच पडली होती.

पुढच्या बुधवारी आम्ही दोघं वर्गात मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. आम्हाला बघून ताईचा चेहरा उतरला. पाळकांची पुढची खोली, जेमतेम दहाबारा माणसं, भिंतीला टेकवलेला फळा. पाळकांनी फळ्यावर एक ग्रीक शब्द लिहिला, ‘थेरापेउओ’. शुभवर्तमानात येशूनं लोकांना बरं केलं असं जिथं आपण वाचतो, तिथं पुष्कळदा मुळात हा शब्द आहे, ते म्हणाले. आपण थेरपी म्हणतो तो यातूनच आला.

भाऊजी उभे राहिले. “म्हणजे औषध बंद करा, असंच ना?”

“तसं कुठंच नाही. मी स्वतः रक्तदाबाची गोळी घेतो.”

“मग बरं कसं करायचं? हात ठेवून?”

“नव्या करारात बहुतेक ठिकाणी अर्थ बरं करणं हाच आहे,” पाळक शांतपणे म्हणाले. “पण शब्द त्याहून जुना. जवळ राहणं, हवं नको बघणं, सेवा करणं, हे त्यात आधीपासून आहे. एके ठिकाणी तर तो नुसता सेवा या अर्थानंच येतो. आजारी माणसाला हात न लावता लांबून बरं करणारा हा शब्द नाही, एवढंच मी म्हणेन.”

“गोलगोल बोलतोय,” भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटले. मलाही तसंच वाटलं.

मग चहा आला. शेजारीण न सांगता ताईच्या बाजूला सरकली, तिची हनुवटी जराशी खाली केली आणि चमच्यानं चहा पाजायला लागली. एक चमचा, मग थांबायची. दुसऱ्याच घोटाला ताईला ठसका लागला. डोळे पांढरे व्हायची वेळ आली. कोणी घाबरलं नाही. एकीनं पाठीवरून हात फिरवला, पाळकांनी रुमाल पुढे केला. सगळे थांबले, ताईचा श्वास परत येईपर्यंत.

“हिला... हिला कधीपासून गिळता येत नाही?” भाऊजींनी विचारलं.

“बरेच महिने झाले,” पाळक म्हणाले. “आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

भाऊजींना कसं माहीत असणार? दुकानात पुडी गिऱ्हाइकाच्या हातात दिली, ‘जेवणाआधी’ म्हणून सांगितलं की काम संपलं. घरीही तेच. वेळेवर ताईच्या तळहातावर गोळी, बाजूला पाण्याचा पेला, ‘जेवणाआधी’, आणि हे पाठ फिरवून मोकळे. गोळी घशात अडकायची, ताई ती रुमालात काढायची; जेवायलाही ती सगळ्यांच्या मागून एकटीच बसायची.

आम्ही घरी आलो. दारातच भाऊजी ताईला म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही गोळीची चौकशी केली असती,” ताई म्हणाली. “माझी केली नसती.”

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला दोघांचाही राग आला होता, आणि माझा तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. पाण्यात विरघळणारी गोळी मिळाली, गिळायला शिकवणारी एक बाईही येऊ लागली. ताईचे पाय बरेच मोकळे झाले. आजार गेलेला नाही, तो जाणारही नाही.

परवा मी गेले तेव्हा भाऊजी तिच्या समोर स्टूल ओढून बसले होते, एका हातात कप, दुसऱ्यात चमचा. मी चिडवलं, “काय इन्स्पेक्टर, पाळकांवरचा संशय फिटला का?”

“मुळीच नाही,” ते चमचा न हलवता म्हणाले. “माझ्या बायकोचं दुखणं ज्याला माझ्याआधी कळलं, त्या माणसाला मी कधी माफ करणार नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते, पण पुसायला हात रिकामा नव्हता. ताईनं अजून घोट गिळला नव्हता.