इस्त्री केलेला प्रश्न

चूक माझी होती. करताना ती चूक वाटली नाही, उलट कसब वाटलं, हे आधीच सांगून टाकतो. एका म्हाताऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेला प्रश्न मी भर सभागृहात बदलून वाचला. ती उभी राहून म्हणाली, हा माझा प्रश्न नाही. तेव्हा मी तिलाच घाबरलेली ठरवलं आणि सगळ्यांना हसवलं.

आमच्या शहाद्यात दर जानेवारीत व्याख्यानमाला भरते. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि बरीच वर्षं या व्याख्यानमालेचा सचिव आहे. आमचे अध्यक्ष तिला 'ज्ञानयज्ञ' म्हणतात. यज्ञ म्हटलं की धूर आलाच, आणि आमच्याकडे तो मुबलक असतो. दारात केळीचे खांब बांधायचे, दीप लावायचा, शाल-श्रीफळ द्यायचं. मग पाहुण्यांचा परिचय. तो करून देणारे गृहस्थ पाहुण्यांच्या प्राथमिक शाळेपासून सुरुवात करतात आणि त्यांना पुरस्कारांपर्यंत पोहोचायला इतका वेळ लागतो की खुद्द पाहुणे घड्याळाकडे बघू लागतात. समोरच्या खुर्च्यांवर निवृत्त मंडळी, मागे शाळेतून रांगेने आणून बसवलेली मुलं, बाजूला बायका. अध्यक्ष मंचावर डोळे मिटून बसतात. त्याला आम्ही चिंतन म्हणतो.

वक्ते पुण्याहून येतात, नाशिकहून येतात. बहुतेकांना आमच्या गावात रस नसतो, डोंगरावरच्या तोरणमाळात असतो. आमंत्रणाचा फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, "तिथून तोरणमाळ किती लांब हो?" म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी वर जायला गाडी ठेवतो. एक विचारवंत घाटातून जाऊन आले, गाडीच्या काचेतून जेवढे दिसले तेवढे पाडे पाहून आले, आणि निघताना मला म्हणाले, "या माणसांकडून आपल्याला किती शिकण्यासारखं आहे!" काय शिकलात, असं मी विचारलं नाही. मी त्यांच्या हातात केळीच्या वेफर्सची पिशवी दिली. तिरस्कार वाटायचा, पण पिशवी मीच द्यायचो.

या सगळ्यात माझं खास काम होतं ते प्रश्नांचं. आमच्याकडे श्रोत्यांनी उठून प्रश्न विचारायचे नाहीत, असा दंडक आहे. व्याख्यान संपलं की स्टीलचा डबा फिरतो, त्यात चिठ्ठ्या टाकायच्या, खाली स्वतःचं नाव लिहायचं. डबा आधी पुढच्या रांगांत जातो, बायकांकडे सगळ्यात शेवटी. मग सचिव चिठ्ठ्या वाचतो. अध्यक्षांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं, "सर, जसंच्या तसं वाचू नका बरं. पाहुण्यांसमोर आपलं गावंढळपण कशाला दाखवायचं?" त्यामुळे मी चिठ्ठ्यांना इस्त्री करायचो. कुणी अहिराणीत लिहिलं असेल तर शुद्ध मराठी करायची, कुणी नेमकं बोट ठेवलं असेल तर ते बोट अलगद बाजूला करायचं, आणि शेवटी 'यावर आपण प्रकाश टाकावा' लावायचं. वक्ते खूश व्हायचे. "इथल्या श्रोत्यांची पातळी फार वरची आहे," असं म्हणायचे. ती पातळी माझीच असायची. घरी मी जन्मापासून अहिराणी बोलतो. पण माईकपुढे उभा राहिलो की मला माझी आईसुद्धा अहिराणी बोलायची याचा विसर पडायचा.

ती म्हातारी बाई म्हणजे मावशी, माझ्या आईच्या माहेरच्या गावची. नात्याची नाही, पण आईला ती बहीण म्हणायची म्हणून माझी मावशी. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहते. मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून ती एकही व्याख्यान चुकवत नसे. बायकांच्या शेवटच्या रांगेत, भिंतीशी, पदर डोक्यावर घेऊन बसायची. तिला काय कळत असेल, असं मला वाटायचं. हेही कबूल करून टाकतो.

मी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी शाळेच्या एका खोलीत प्रौढांचा वर्ग घेतो. सरकारी योजना आहे. खरं सांगायचं तर सुरुवात फोटोसाठीच झाली होती. पांढऱ्या केसांच्या बाईच्या हातात पाटी असली की तो फोटो कुणालाही आवडतो, साहेबांना तर फारच. एके दिवशी मावशी आली आणि मुलांच्या बुटक्या बाकावर बसली.

मी विचारलं, "मावशी, तुले आते काय करनं शे शिकीसन?"

ती म्हणाली, "तुन्हा त्या डबामा चिठ्ठी टाकनी शे माले."

मला हसू आलं. ती गंभीर होती. "इतला वरीस ऐकी ऐकी कान पिकनात. आते माले इचारनं शे."

लोक शिकायला येतात ते बसची पाटी वाचता यावी म्हणून, अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून. मावशी आली होती प्रश्न विचारायला. तिला शिकायला दोन पावसाळे लागले. अक्षरं मोठी, एकमेकांपासून फटकून बसलेली. घरी सराव करायची तेव्हा मुलगा दुकानातून येऊन म्हणायचा, "माय, आते काय कलेक्टर व्हशी का?" मुलगा वाईट नाही. आईला जपतो, दवाखान्यात नेतो. त्याला फक्त गंमत वाटायची. सून तोंडाला पदर लावायची. मग मावशी पुस्तक उशीखाली सरकवायची. हे तिने मला वर्गात सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं होतं आणि "असू दे, हसतीलच" म्हणून पुढचा धडा काढला होता.

त्या जानेवारीत पुण्याचे एक वक्ते आले. विषय होता 'शिकायला वय नसतं'. गृहस्थांनी साठीनंतर बासरी शिकली होती, सत्तरीत परदेशात मुलीकडे जाऊन चित्रकला शिकली होती, आणि या दोन्हींबद्दल ते अतिशय प्रसन्नपणे बोलत होते. मनाची कवाडं उघडी ठेवा, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. त्यांच्यावर कुणी कधी हसलं असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी माना डोलावल्या. अध्यक्षांचं चिंतन चालू होतं.

डबा फिरून आला. त्यात एक चिठ्ठी होती, चारदा घडी घातलेली. खालचं नाव वाचण्याआधी अक्षरावरूनच मी ओळखलं. लिहिलं होतं:

मी वाचाले बठस तवय मन्हा आंडोर हासस. तेले मी काय सांगू?

मी वाचायला बसते तेव्हा माझा मुलगा हसतो, त्याला काय सांगू? इतकंच. त्या दिवशी त्या सभागृहात बोलला गेलेला तो एकच खरा शब्द होता. आणि मला तो पाहून काय वाटलं? मला अभिमान वाटला, स्वतःचा. माझ्या वर्गाचं फळ पाहुण्यांना दाखवायची संधी आली असं वाटलं. पण हे असं, घरातलं, अहिराणीतलं कसं दाखवायचं? मी उभ्या उभ्या इस्त्री फिरवली.

"हा प्रश्न आपल्या प्रौढ वर्गातल्या एका आजींचा आहे," मी माईकवर म्हणालो. "त्या विचारतात, आजच्या तरुण पिढीची वाचनसंस्कृतीविषयी जी अनास्था दिसते, तिच्यावर आपण प्रकाश टाकावा."

सभागृहात टाळ्या पडल्या. वक्त्यांनी दोन्ही हात जोडले. अध्यक्षांनी डोळे उघडले, "वा! उभं करा त्यांना, उभं करा!"

मावशी उठली. पदर सारखा केला. एवढ्या वर्षांत त्या सभागृहात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो बारीक होता, पण भिंतीपासून मंचापर्यंत नीट पोहोचला.

"हाऊ प्रश्न मन्हा नही."

मग मागे मुलांमध्ये खुदखुद. मला तेव्हा थांबता आलं असतं. चिठ्ठी माझ्या हातात होती, ती वाचायला एक श्वास पुरला असता. पण वक्ते माझ्याकडे बघत होते, अध्यक्ष माझ्याकडे बघत होते, आणि मला माझी पातळी सांभाळायची होती.

"मावशी एवढे लोक बघून घाबरल्या," मी हसत म्हणालो. "प्रश्न त्यांचाच आहे हो. अक्षर मी शिकवलंय, मी ओळखणार नाही का?"

सगळं सभागृह हसलं. निवृत्त मंडळी हसली, बायका हसल्या, वक्ते तर खळखळून हसले. मग ते तरुण पिढी आणि मोबाइल या विषयावर पुष्कळ बोलले. मावशी केव्हा बसली, केव्हा निघून गेली, मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तोरणमाळला नेलं.

कार्यक्रमाचं चित्रण थेट मोबाइलवर जात होतं. कुणीतरी तेवढाच तुकडा कापला आणि गावातल्या ग्रुपवर फिरवला, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मावशीच्या मुलाने तो दुकानात पाहिला, घरी येऊन आईला दाखवला. हसत हसतच दाखवला. माझा मुलगा हसतो, त्याला काय सांगू, असं तिने विचारलं होतं. मी त्याच्या हातात हसायला नवीन कारण दिलं होतं.

मावशी वर्गाला यायची बंद झाली. कापसाचे दिवस आहेत, गुडघे दुखत असतील, अशी कारणं मी स्वतःला दिली. घरात बायकोनं विचारलं, "मावशी दिसत नही वर्गमा?" मी गुडघ्यांचं सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "गुडघा? तोंड बंद करी दिधं तुम्ही तिन्हं, नि गुडघाना नाव सांगतस." मी ताटावरून उठलो नाही, जेवलो. पण त्यानंतर स्टँडकडून जाताना मी मागची गल्ली टाळू लागलो. वर्गात तो बुटका बाक रिकामा असायचा आणि मी इतरांना 'शिकायला वय नसतं' हे वाक्य फळ्यावर लिहून द्यायचो. माझ्यासारखा माणूस हे करू शकतो. मी केलं.

होळी झाल्यावर एकदा गेलोच. मावशी अंगणात खाटेवर बिबड्या, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. तिने पाणी दिलं, खाटेची कड झटकून बसायला जागा केली. दारात तिचा मुलगा मोबाइल बघत उभा होता.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो. शुद्ध मराठीत म्हणालो. "तुमची माफी मागायला आलोय."

"तुमची? आजलोंग ते तुन्ही व्हती मी." ती बिबडी उलटत राहिली. "हासनात तठे, आनि माफी आठे?"

मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना माय, सर घर लगून येल शेतस. गंमत व्हती ती."

"तू गप रे." मग माझ्याकडे बघून, "पुस्तक उशीखाले शे अजून. काढेल नही मी. काढू का नको, ते तू सांग. पन आठे नको सांगू."

तिला काय हवं होतं ते सरळ होतं: जिथे हसवलं, तिथेच माफी. तेच मला सगळ्यात अवघड होतं. पुढच्या व्याख्यानमालेच्या आधी समितीची बैठक झाली तेव्हा मी विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "सर, त्या म्हातारीला साडी-चोळी देऊ, सत्कार करू. पण मंचावर माफी? पाहुण्यांसमोर? शोभतं का ते?" बाकीच्यांनी चहा घेतला. मीही घेतला. वाद घातला नाही. प्रास्ताविक दरवर्षी मीच करतो, एवढं मात्र मनात धरून ठेवलं.

आदल्या दिवशी मावशीच्या घरी जाऊन सांगितलं, "उद्या ये." आणि मुलाला म्हणालो, "तू बी ये."

या जानेवारीत पुन्हा केळीचे खांब बांधले, दीप लागला. कुणीतरी मोठे व्याख्याते आले होते, विषय बहुधा संवाद हाच होता. माईकपुढे गेलो. मावशी भिंतीशी, नेहमीच्या जागी. मुलगा दाराला टेकून उभा, खिशात हात घालून. माझ्या हातातल्या कागदावर स्वागताची वाक्यं होती, ती मी वाचली नाहीत, अहिराणीत बोलू लागलो. माझ्या मागे अध्यक्षांनी खाकरून इशारा केला. मागची मुलं अहिराणी ऐकून हसायला लागली, तरी मी थांबलो नाही.

"मागना वरीसले आठे मावशीनी एक चिठ्ठी टाकी व्हती. मी ती बदली टाकी. तिन्हा प्रश्न हाऊ व्हता: मी वाचाले बठस तवय मन्हा आंडोर हासस, तेले मी काय सांगू? मावशी घाबरनी नव्हती. ती खरं बोलनी, मी खोटं बोलनू, आनि तुम्हले सारास्ले तिन्हावर हासाडं. तिन्हा प्रश्ननं उत्तर माले येत नही, कारन हासनारास्मा पहिला मी व्हतू. मावशी, पुस्तक उशीखालथीन काढ. मन्हं चुकनं. माले माफ कर."