अर्ध्या सेंटचे रस्ते

स्क्रीनवर चौदा फोटो उघडे होते आणि एकाही फोटोत भेग नव्हती. आमच्या सॉफ्टवेअरने मात्र त्याच चौदा फोटोंत दोनशेच्या वर भेगा मोजल्या होत्या. मी एक फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. डांबरावर बारीक काळ्या रेघा होत्या खऱ्या. पण त्या सावल्या होत्या. झाडाच्या फांद्यांच्या.

मंगळवारची सकाळ होती. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात अजून अर्धेही लोक आले नव्हते. मतदानाला बरोबर दोन आठवडे उरले होते.

मतदान कसलं, ते सांगते. मी रस्त्यांची इंजिनिअर. कराडला शिकले, काही वर्षं पुण्यात एका कन्सल्टंटकडे काढली आणि आता अठरा वर्षं सिंगापुरात आहे. आमची कंपनी रस्ते बांधत नाही, रस्त्यांची तब्येत तपासते. कॅमेरे लावलेली व्हॅन रस्त्यावरून जाते आणि दर काही फुटांवर खालच्या डांबराचा फोटो काढते. सॉफ्टवेअर त्या फोटोंतल्या भेगा आणि खड्डे मोजतं आणि प्रत्येक रस्त्याला शंभरपैकी मार्क देतं. नव्या कोऱ्या रस्त्याला शंभर. मार्क चाळिसाच्या खाली गेले की ठिगळं लावून भागत नाही, रस्ता उकरून नव्याने करावा लागतो.

त्या वर्षी आमच्याकडे अमेरिकेतल्या एका काउंटीचं काम होतं. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा कारभार. तिथले मुख्य इंजिनिअर वॉल्टर, रिटायरमेंटला आलेले गृहस्थ. त्यांची अडचण साधी होती. पेट्रोलवरच्या करातून येणारा पैसा खड्डे बुजवण्यातच संपत होता. म्हणून काउंटीने विक्रीकर सुचवला होता. तिथल्या दुकानांतून जे काही विकलं जाईल त्यावर डॉलरमागे अर्धा सेंट, दहा वर्षं, आणि तो पैसा फक्त काउंटीतल्या रस्त्यांसाठी. असा कर तिथे लोकांना विचारल्याशिवाय लावता येत नाही. आणि लोकांनी आधी दोनदा 'नाही' म्हटलं होतं.

"का नाही म्हणाले?" मी वॉल्टरना पहिल्याच कॉलवर विचारलं होतं.

"कारण त्यांना वाटतं, पैसा सगळ्यांकडून घेणार आणि रस्ते बड्या लोकांच्या दारापुढचे होणार. म्हणूनच आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही जगाच्या दुसऱ्या टोकाला बसता. या काउंटीत तुमचा कुणी मेहुणा नाही."

आमच्या मार्कांवरून चाळीस रस्त्यांची यादी झाली होती. सगळ्यात वाईट रस्ता पहिला, या क्रमाने. ती छापून घरोघर पोस्टाने गेली होती. खाली लिहिलं होतं, की ही यादी बाहेरच्या तज्ज्ञांनी यंत्राने तपासून केली आहे. तो तपासणीचा कागद माझ्या सहीने गेला होता.

आता ते चौदा फोटो मी का उघडले? वॉल्टरनी एक ईमेल पुढे पाठवला होता. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी लिहिलं होतं: 'माझी गल्ली यादीत सहावी आहे. मी रोज सकाळी तिथे चालते. तिला काहीही झालेलं नाही. माझ्या भावाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावरून मात्र शाळेची बस पायी चालल्यासारखी जाते, आणि तो रस्ता यादीतच नाही. असं कसं?' वॉल्टरनी वर एकच ओळ जोडली होती. 'यांना उत्तर द्यायचंय, कारण कळवा.'

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. लोकांना वरून चांगला दिसणारा रस्ता आतून गेलेला असू शकतो, असं काहीतरी लिहायचं मी मनात ठरवलंही होतं.

कारण समजायला एक तासही लागला नाही. आमचं सॉफ्टवेअर आम्ही सिंगापूरच्या रस्त्यांवर शिकवून तयार केलं होतं. इथे झाडं बारा महिने पानांनी भरलेली. सूर्य डोक्यावर. सावली पडली तर मोठी, गोल, पसरट. ती सावली सॉफ्टवेअरला ओळखता येत होती. त्या काउंटीत व्हॅन फिरली होती नोव्हेंबरात. तिथे तोवर पानं गळून गेलेली, फांद्या उघड्या, सूर्य कललेला. फांदीची बारीक, वेडीवाकडी सावली डांबरावर पडली की हुबेहूब भेगेसारखी दिसते. सॉफ्टवेअरने ती भेगच मानली. म्हणजे जिथे झाडं जास्त, तिथले रस्ते वाईट ठरले. आणि झाडं जास्त कुठे असतात? पैसेवाल्यांच्या वस्तीत. शेताकडचे रस्ते उघडे बोडके. त्यांच्यावर सावल्या नव्हत्या, म्हणून ते यादीत खाली सरकले.

यात माझं काय, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे नियम आहे, वीस फोटोंमागे एक फोटो माणसाने डोळ्यांनी बघायचा. तो माणूस मी होते. मी रेकॉर्ड उघडलं. जानेवारीत माझ्यासमोर असाच एक सावलीचा फोटो आला होता. मी शेऱ्यात लिहिलं होतं, 'सावली, किरकोळ', आणि टिक करून पुढे गेले होते. तारीख, वेळ, माझं नाव, सगळं तिथे होतं.

मी केल्विनच्या केबिनमध्ये गेले. केल्विन आमचा डायरेक्टर. मितभाषी माणूस, तीस जणांचे पगार त्याच्या डोक्यावर. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती रस्ते चुकलेत?"

"माहीत नाही."

"मग मला आता काय सांगतेस? आधी आकडा आण. गुरुवारपर्यंत. आणि तोवर क्लायंटला काही कळवू नकोस."

"त्यांना उत्तर हवंय."

"तपासतोय म्हणून कळव. ते खोटं नाही."

दोन दिवस आम्ही तिघं जण मीटिंग रूममध्ये बसून फोटो बघत होतो. चाळीस रस्ते आणि यादीच्या जरा बाहेर राहिलेले आणखी तीस. प्रत्येक फोटोवर 'भेग' किंवा 'सावली' एवढंच लिहायचं. डोळे चुरचुरायला लागले. प्रत्येक नवा रस्ता उघडताना मी मनात म्हणत होते, हा तरी बरोबर असू दे.

बुधवारी संध्याकाळी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जेवायला गेलो, कारण घरी स्वयंपाक करायचं माझ्यात त्राण नव्हतं. माझ्यापुढचं फिश सूप तसंच निवत होतं. माझा नवरा सुधीर तुआसला शिपयार्डात सेफ्टीचं काम बघतो. त्याने विचारलं, "कागदावर सही तुझीच आहे ना?"

"हो."

"मग तुझं ठरलेलंच आहे. तुला भीती कशाची वाटतेय, ते बोल."

नोकरीची होतीच. पंचावन्नाव्या वर्षी इथे दुसरी नोकरी शोधणं सोपं नाही. पण त्याहून जास्त मला वॉल्टरच्या 'तुमचा कुणी मेहुणा नाही' या वाक्याची भीती वाटत होती. माणसाने दोनदा हरून तिसऱ्यांदा डाव मांडला होता आणि तो आमच्या भरवशावर.

मुलगी फोनमधून मान वर न काढता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट टेल देम लाह. लेटर इज वर्स."

गुरुवारी आकडा हातात आला. चाळिसांपैकी अकरा रस्ते यादीत असायलाच नको होते. त्यातले नऊ एकाच वस्तीतले, आणि काउंटीच्या बोर्डाचे अध्यक्ष त्याच वस्तीत राहत होते. कुणी मुद्दाम केलं असतं तरी याहून संशयास्पद जमलं नसतं.

केल्विनने कागद दोनदा वाचला. मग खुर्ची मागे सरकवली.

"समजा आपण सांगितलं," तो म्हणाला. "मग वॉल्टरला लोकांना सांगावं लागेल. त्याने सांगितलं की मतदान हरणार. हरले की कर नाही. कर नाही म्हणजे एकही रस्ता होणार नाही. शेताकडचे जे अकरा चुकून यादीबाहेर राहिलेत, तेही नाहीत. त्यापेक्षा मतदान होऊ दे. यादी नंतर सुधारता येते, तशी अट आहे करारात."

तो काही लबाडी करत नव्हता. त्याचं म्हणणं खरं असण्याचीच शक्यता जास्त होती.

"असेल तसं," मी म्हणाले. "पण ते वॉल्टरनी ठरवायचं. लोक यादी बघून मत देणार आहेत आणि यादी चुकलीय हे फक्त आपल्याला माहितीय. उद्या सकाळी मी त्यांना फोन करते. तू नको म्हणालास तर सही मागे घेतल्याचं पत्र तरी मला द्यावंच लागेल."

ते शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते.

केल्विन म्हणाला, "फोन तू कर. मी शेजारी बसतो."

शुक्रवारी सकाळी साडेसातला फोन लावला. तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. मी सगळं एका दमात सांगितलं, माझ्या त्या 'सावली, किरकोळ' शेऱ्यासकट.

"वॉल्टर, ऐकताय ना?"

"ऐकतोय. अकरा?"

"अकरा."

"सोमवारपर्यंत बरोबर यादी मिळेल?"

"मिळेल."

"मंगळवारी फायर स्टेशनमध्ये लोकांची सभा आहे. हे मी सांगितलं तर वाटेल मी कुणाला तरी वाचवतोय. तुम्ही बोलाल?"

केल्विनने माझ्याकडे बघून मान हलवली. मी हो म्हटलं.

बुधवारी सकाळी, म्हणजे तिथल्या मंगळवारी संध्याकाळी, मी कॉन्फरन्स रूममध्ये कॅमेऱ्यासमोर बसले. पलीकडे फायर स्टेशनच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्यांवर साठेक माणसं होती. आवाज तुटत होता. मी दोन फोटो दाखवले, एक भेगेचा आणि एक सावलीचा. कुठला कुठला ते विचारलं. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी चुकीचं उत्तर दिलं. त्यामुळे मला जरा धीर आला. तो फार टिकला नाही.

टोपी घातलेले एक शेतकरी उठले. "तुमच्याकडे झाडांची पानं गळत नाहीत?"

"एकदम गळत नाहीत. झाड कधी उघडं पडत नाही."

"आणि हे तुमच्या लक्षात आलं नाही."

"नाही आलं. एक फोटो समोर आला होता. मी तो किरकोळ समजून सोडला."

"मग अजून काय काय सोडलंय?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "जे चुकलंय असं माहीत आहे तेवढं तुमच्यासमोर ठेवलंय. नव्या यादीतला प्रत्येक फोटो माणसाने बघितलाय."

दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ वैतागले होते. "माझी गल्ली होणार म्हणून मी या कराच्या बाजूने होतो. आता मी का मत देऊ?" शेवटी त्या निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या भावाचा रस्ता आता कितवा?"

"तिसरा."

त्या "थँक यू" म्हणून बसल्या. पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. रोज सकाळी उठून पहिलं काम म्हणजे तिथल्या स्थानिक पेपरची वेबसाइट उघडणं. एका पत्रलेखकाने आमच्या कंपनीला भोंदू म्हटलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, निदान यांनी आधी सांगितलं. मी दोन्ही पत्रं बऱ्याच वेळा वाचली.

मतदानात कर हरला. थोडक्यात हरला, पण हरला. शेताकडच्या भागातून पूर्वीपेक्षा जास्त मतं बाजूने पडली. झाडांच्या वस्तीतून पडलेल्या विरोधी मतांनी ती सगळी खाऊन टाकली. केल्विन म्हणाला होता तसंच झालं. त्याने ते मला बोलून दाखवलं नाही, हे त्याचे उपकार.

कंपनीने त्या टप्प्याची फी परत केली. काउंटीने पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. माझी नोकरी राहिली, पण सहा महिने सहीचा अधिकार काढून घेतला होता. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझे रिपोर्ट तपासून सही करायचा. ते चुकीचं नव्हतं, पण सोपंही नव्हतं.

पुढच्या वर्षी काउंटीने तोच कर चौथ्यांदा मतदानाला ठेवला आणि तो मंजूर झाला. वॉल्टर तोवर रिटायर झाले होते. त्यांचा छोटा ईमेल आला. यादी जवळपास आमचीच सुधारलेली होती. सभेत कुणीतरी विचारलं, ही तपासली कुणी, तेव्हा लोक म्हणाले, गेल्या वर्षी आपल्यासमोरच तपासली. मला बरं वाटलं. पण मधे एक हिवाळा गेला होता. भेगांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि रस्ता आतून फोडतं. शेताकडच्या त्या अकरांपैकी दोन रस्ते त्या हिवाळ्यात दुरुस्तीच्या पलीकडे गेले, असंही त्यांनी त्याच ईमेलमध्ये लिहिलं होतं. गप्प राहिलो असतो तर ते दोन वाचले असते का, याचा हिशेब मला आजही लागलेला नाही.

विसात एक फोटो डोळ्यांनी बघितला, असं आम्ही अजूनही प्रत्येक रिपोर्टमध्ये लिहितो. आता त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आहे: बघताना काय खटकलं. तो पूर्ण रिकामा आला, की मी तो सगळा गठ्ठा पुन्हा तपासायला परत पाठवते.