सेंट थॉमसची टॅक्सी

अमेरिकेतल्या शॉमबर्गहून आम्ही जहाजाच्या सहलीला गेलो होतो. सेंट थॉमस बेटावर उतरल्यावर यांनी तिथली शेअर टॅक्सी नाकारली. परक्या माणसांना खेटून कोण बसणार, म्हणाले. दिवसभर हे पुढे आणि मी मागे, अशी पायपीट झाली. परतताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

"अहो, थांबा जरा."

मागे न बघता म्हणाले, "पाय ओढत ये. जहाज तुझ्यासाठी थांबायचं नाही."

डांबर पायाला भाजत होतं. मागून टॅक्सी आली, तिला मी हात केला. आतल्या बाईनं सरकून जागा दिली. पुढच्या वळणावर हे दिसले, तसेच ताठ मानेनं चाललेले. यांनाही घेऊ का, असं ड्रायव्हरनं खुणेनं विचारलं.

मी मोठ्यानं "नो" म्हटलं.