पुन्हा एकदा भांडा

हे मी कुणाकडंच बोललेले नाही — आईकडंसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. तुम्ही लगेच उठून मला मारायला येणार नाही, एवढंच असेल.

बारामतीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकत होते आणि मायनर म्हणून संवादशास्त्र घेतलं होतं — सोपे मार्क मिळतात म्हणून. मॅडमनी प्रोजेक्ट दिला: गावातला एक वाद, दोन्ही बाजू, तीन मिनिटांचा व्हिडिओ. आता वाद शोधायला माझ्या गावात, निरवांगीत, लांब जावं लागतं होय? आमच्या नानांचं — माझ्या चुलत्याचं — आणि शेजारच्या आबांचं कालव्याच्या चारीतल्या पाण्यावरून पाण्याच्या दर पाळीला वाजायचंच.

त्या सकाळीही वाजलं. मी मोबाइल धरून बांधावर उभी. शिव्या, हातवारे, एकमेकांच्या अंगावर धावून जाणं — सगळं झकास! मग नेहमीसारखं निवळलं. आबांनी तंबाखूची डबी पुढं केली, नानांनी चिमूट घेतली. आणि मी बघते तर — मोबाइलला लावलेला माइक बंद. आवाजच आला नव्हता. प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

"पुन्हा एकदा भांडा की," मी म्हटलं.

"आता कशाला गं? झालं की," आबा हसले. तरी माझ्यासाठी भांडले बिचारे — पोरं वर्गात कविता म्हणतात तसे. मला राग आला. त्यांचा! स्वतःचा यायला नको होता?

नानांचा एकुलता पोरगा वर्षापूर्वी विहिरीत बुडून गेला होता. मी नानांच्या कानाशी गेले आणि — कसं लिहू? — म्हणाले, "आबा मघाशी म्हणत होते, नानाचं पोरगं बुडालं ते बरंच झालं."

आबा असलं काही बोलले नव्हते. कधीच नाही.

मी माइक चालू केला. नानांनी खोरं उचललं. पहिला घाव आबांच्या खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. हाड मोडलं — या वेळी आवाज नीट आला. आबा चारीत पडले तरी नाना हाणतच होते, "माझ्या लेकराला! माझ्या लेकराला!" पाणी तांबडं झालं. आणि मी? मी मोबाइल खाली घेतला नाही. चित्र हलू नये म्हणून कोपर पोटाशी धरून उभी राहिले. माणसं धावत आली तेव्हा किंचाळले, तेही दाखवायला.

व्हिडिओ पुसून टाकला. इंदापूरहून पोलिस आले, त्यांना सांगितलं, मी नुकतीच पोचले होते. नानांनी माझं नाव घेतलं नाही. "मी माझ्या कानानं ऐकलं," म्हणाले. पोरीच्या मागं कोर्टकचेरी नको म्हणून. ते अजून तुरुंगात आहेत. मी भवानीनगरच्या बाजारावर दुसराच व्हिडिओ दिला आणि पास झाले.

आबांचा जबडा जोडला, पण जीभ वळत नाही, आणि लिहिता तर त्यांना कधीच येत नव्हतं. नानांचं म्हणणं गावभर झालं होतं. आबांची बायको, आक्का, तिलाही ते खरं वाटायला लागलं. मेलेल्या लेकरावर बोलणाऱ्या माणसाला ती नुसती ताटली पुढं सरकवायची.

गेल्या महिन्यात तिनं मला बोलावलं. "तू बोलण्याचंच शिकलीयास. बघ बाई, तुला तरी कळतंय का."

आबा माझ्याकडं बोट करून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. मला पहिल्याच वेळी कळलं. "ही पयल्यापासनं तितंच हुती. हिला इचार."

"काय म्हंत्यात गं?"

"हिला चहा दे, म्हणतायत," मी म्हणाले.

आक्का आत गेली. आबांनी बोट खाली घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. चहा आला. मी तो सगळा प्यायले.